वाळवंटातील खोकड थंड देशी नांदेल काय?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत शास्त्र शिकवीत असत. त्यांच्या नावाने बोलताना मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने प्राणिशास्त्राच्या विषयाला हात घालावा, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु विषय माझ्याकडे चालून आला तो याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून. आपली अनेक मुले आज टोरांटो, शिकागो, लंडन अशा थंड शहरांत स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांनी मोबाईलवरच्या चित्रफितींत पाहिलेला एक प्राणी त्यांच्या मनात भरला आहे. मांजराहून लहान, वाळूच्या रंगाचा, तोंडापेक्षा कान मोठे असलेला. त्याचे नाव फेनेक. तो आफ्रिकेच्या सहारा वाळवंटातला. अमेरिकेच्या काही राज्यांत तो विकतही मिळतो. 'आमच्याकडच्या थंडीत हा प्राणी घरी सुखाने राहील का?' असा प्रश्न तिकडून विचारला जातो.

प्रश्न साधा दिसतो. त्यातला 'सुखाने राहणे' हा शब्दप्रयोग मात्र साधा नाही. मराठीत यासाठी तीन क्रियापदे आहेत: जगणे, राहणे आणि नांदणे. जगायला श्वास पुरतो. राहायला छप्पर आणि अन्न पुरते. नांदायला मात्र त्या घराशी सूर जुळावा लागतो. परक्या घरी गेलेली लेक 'तिथे राहते' असे कळले, तर आईचे समाधान होत नाही. 'नांदते' असे कळले, की होते. फेनेकविषयी विचारायचा प्रश्न हा असा आहे. ते थंड देशी जगेल का, राहील का, की नांदेलही? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे दाखवणे एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

नावांचा घोळ

आरंभी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. इंग्रजीतल्या फॉक्सला आपण सर्रास 'कोल्हा' म्हणतो. पण आपल्या शिवारात संध्याकाळी हुकी देणारा कोल्हा हा निराळा प्राणी आहे. फॉक्ससाठी मराठीत खरा शब्द आहे 'खोकड'. गुजरातीत त्यालाच 'लोंकडी' म्हणतात. इसापाच्या कथेतला द्राक्षांना आंबट म्हणणारा प्राणी मुळात खोकड होता. मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला आणि म्हणीत तो कायमचा बसला. दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचलेल्यांना 'वाळवंटी कोल्हा' म्हटले की जर्मन सेनापती रोमेल आठवतो, तोही याच भाषांतराचा वारसदार.

'वाळवंटी खोकड' हे नावसुद्धा एकाच प्राण्याचे नाही. आपल्या बडोद्याला जवळचे वाळवंट म्हणजे कच्छचे रण. तेथे दोन प्रकारची खोकडे आढळतात. शेपटीचे टोक काळे असलेले ते भारतीय खोकड; टोक पांढरे असलेले ते वाळवंटी खोकड. हे दुसरे म्हणजे जगभर पसरलेल्या तांबड्या खोकडाचीच एक उपजात होय. त्याचे भाऊबंद सैबेरियातही राहतात आणि युरोपातल्या शहरांतही. नलियाची हिवाळ्यातली थंडी तर गुजरातच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी गाजते. ती थंडी सोसणाऱ्या या खोकडाला थंडीचे वावडे असण्याचे कारण नाही.

फेनेकचे तसे नाही. मोरोक्को आणि मॉरिटानियापासून इजिप्त आणि सिनाईपर्यंतचा वालुकामय पट्टा हेच त्याचे घर. शास्त्रज्ञ त्याला व्हल्पीस झेर्डा म्हणतात. 'फेनेक' हा शब्द अरबीतून आला. कुत्र्याच्या कुळातला हा जगातला सर्वांत लहान प्राणी. वजन साधारण एक ते दीड किलो. अल्जीरियाचा फुटबॉल संघ त्याच्या नावाने ओळखला जातो, एवढा त्या देशांना तो आपला वाटतो. आपल्याला विचारलेला प्रश्न या फेनेकविषयीचा आहे.

उष्णतेसाठी घडलेले शरीर

फेनेकचे कान १५ सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. ते पाहून हसू येते. पण त्यांना दोन कामे आहेत. एक ऐकण्याचे. वाळूखाली सरपटणाऱ्या किड्याची खसफस त्यांना ऐकू येते आणि फेनेक नेमके तेथेच उकरते. दुसरे काम शरीर निववण्याचे. दूध लवकर निवावे म्हणून आपण ते परातीत ओततो. पसरट झाल्यावर त्यातली उष्णता भराभर बाहेर पडते. फेनेकचे कान ही त्याच्या रक्ताची परात आहे. पातळ त्वचेखालून रक्त खेळते आणि हवेला उष्णता देऊन परत फिरते. जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७७ साली असा नियम मांडला, की थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे कान, पाय, शेपूट हे अवयव उष्ण प्रदेशातल्या त्यांच्या भाईबंदांपेक्षा आखूड असतात. ध्रुवप्रदेशातल्या खोकडाचे इवलेसे गोल कान फेनेकच्या कानांशेजारी ठेवून पाहावेत; नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाकीची रचनाही अशीच आहे. तळपायांना केस आहेत, त्यामुळे तापल्या वाळूवर पाय भाजत नाहीत. मूत्रपिंडे पाण्याचा थेंबन्‌थेंब राखतात. उंदीर, किडे, फळे, मुळे यांतल्या ओलाव्यावर फेनेक बराच काळ काढू शकते. विश्रांतीच्या वेळी त्याचे शरीर जी उष्णता निर्माण करते, ती त्याच्या आकाराच्या इतर प्राण्यांच्या मानाने कमी असते. वाळवंटात हा मोठा फायदा आहे. बाहेर आधीच भट्टी पेटलेली असताना आत शेगडी कशाला? हवेचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की मग ते धापा टाकू लागते. एरवी मिनिटाला पंचवीसच्या आत असणारे श्वास त्या वेळी सातशेच्या घरात जातात.

थंडी किती सोसते?

मात्र हेच शरीर थंडीत आणले, की फायद्यांचे तोटे होतात. आत शेगडी मंद आहे आणि बाहेर दोन पराती उघड्या आहेत. शिवाय देह लहान. कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो. लहान वस्तूला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. म्हणून तापमान सुमारे २० अंशांच्या खाली गेले, की फेनेक कुडकुडू लागते. बडोद्याच्या हिवाळी सकाळी आपण शाल पांघरून फिरायला निघतो, तेवढ्या गारव्यात त्याचे अंग थरथरते. उत्तर ध्रुवाकडचे खोकड मात्र उणे ४० अंशांतही फारशी जादा उष्णता न जाळता निभावून नेते. दोन्ही खोकडेच, पण एकाचे सुख दुसऱ्याची शिक्षा आहे.

यावर चाणाक्ष श्रोता विचारील, की वाळवंटातल्या रात्रीही थंड असतात, तर तेथे ते कसे निभावते? आक्षेप अगदी बरोबर आहे. सहारात हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याजवळ उतरतो, आणि फेनेक तर रात्रीच हिंडणारे. त्याच्या अंगावर दाट, मऊ लोकर असते; ती दिवसा उन्हापासून राखते, रात्री गारठ्यापासून. झोपताना ते झुबकेदार शेपूट अंगाभोवती गुंडाळते. म्हणजे थोड्या वेळची कोरडी थंडी ते सोसते.

परंतु या सोसण्यामागे एक आधार आहे, तो म्हणजे बीळ. फेनेक वाळूत खोल बीळ खणते. एका कुटुंबाच्या बिळाला अनेक तोंडे असतात, आणि आसपासची बिळे आतून जोडलेलीही असतात. वाळूच्या पोटात तापमान फारसे हलत नाही. वर दुपारी आग असो वा पहाटे गारठा, आत जवळजवळ एकच ऋतू असतो. अंग गार पडू लागले की आत शिरावे, ऊब आली की बाहेर पडावे, तापले की पुन्हा खाली जावे. फेनेकचे सुख कोणत्या एका तापमानात नाही. हवे ते तापमान स्वतः जाऊन गाठता येण्यात ते आहे.

थंड देशातला गारठा दोन बाबतींत वेगळा असतो. तो रात्रीपुरता नसतो, महिनोन्‌महिने टिकतो. आणि लंडनसारख्या ठिकाणी तो ओला असतो. लोकर कोरडी असेपर्यंतच ऊब धरते. भिजली की तिच्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही. तेव्हा अंगणातल्या पिंजऱ्यात फेनेक ठेवून हिवाळा काढायचा विचार मुळातच बाद आहे.

ऊब मिळाली, पुढे काय?

पण कॅनडातली घरे आतून तापवलेली असतात. बाहेर बर्फ असले तरी दिवाणखान्यात वीस-बावीस अंश असतात आणि हवाही कोरडी असते. म्हणून 'थंड हवामानात फेनेक जगेल का' याचे उत्तर प्रामाणिकपणे 'होय' असेच द्यावे लागते. थंड देशांतल्या प्राणिसंग्रहालयांत फेनेक राहतात, त्यांना पिल्लेही होतात आणि बंदिवासात काही चौदा वर्षांपर्यंत जगली आहेत. जगणे आणि राहणे, ही पहिली दोन क्रियापदे उत्तीर्ण झाली. आता तिसरे.

प्राणिसंग्रहालय काय देते, ते पाहा. उबेचा दिवा एका कोपऱ्यात असतो, म्हणजे त्याच्याजवळ जायचे की दूर, हे फेनेक ठरवते. खणायला वाळू असते. लपायला बोळ असते. सोबतीला जोडीदार असतो; कारण फेनेक एकांडे नाही. जोडी जमते ती टिकते आणि मोठी झालेली भावंडे आईबापांजवळ राहतात. अशी दहापर्यंत जणांची कुटुंबे आढळतात. घरात यांतले काय देता येते?

फेनेक रात्री जागते. घर झोपले की त्याचा दिवस सुरू होतो. अंगात आहे ते खणणे. वाळू नसेल तर ते गादी खणते, सोफा खणते, कुंड्या उलथते. उभी दोन फूट आणि आडवी चार फूट उडी त्याला सहज जमते. दार किलकिले राहिले तर ते निसटते. आणि निसटलेले फेनेक हाकेला ओ देऊन परत येत नाही. बाहेर बर्फ असेल तर ही पळापळ त्याच्या जिवावर बेतते. त्याचा आवाज कर्कश, खुशीतला असो वा भीतीतला. मांजराप्रमाणे ठरल्या जागी विधी करायला ते शिकेलच, याचा भरवसा नाही. आणि ज्या कानांना वाळूखालचा किडा ऐकू येतो, त्या कानांना आपल्या घरातला दूरदर्शन संच, कुकरची शिट्टी आणि मुलांचा दंगा कसा ऐकू येत असेल, याचा विचार पाळणाऱ्याने आधी करावा.

याला खोडी म्हणणे अन्यायाचे होईल. वाळवंटात हेच त्याचे गुण आहेत. खणणारे वाचते, दचकणारे वाचते, रात्री जागणारे पोट भरते. घराच्या चौकटीत मात्र त्याचा प्रत्येक गुण गुन्हा ठरतो. शेवटी पिंजरा आणला जातो, आणि पिंजऱ्यात ऊब कितीही असली तरी ती निवडण्याचा अधिकार संपतो.

माणसाळणे आणि पाळीव होणे

येथे कोणी म्हणेल, की कुत्राही कधीकाळी लांडगाच होता. मग फेनेक का रुळणार नाही? या आक्षेपाचे उत्तर मराठीने आपल्या शब्दांत आधीच देऊन ठेवले आहे. 'माणसाळलेला' आणि 'पाळीव' हे शब्द समानार्थी नाहीत. माणसाळतो तो एक प्राणी, त्याच्या एका आयुष्यात. पाळीव होते ती जात, पिढ्यान्‌पिढ्यांत. सर्कशीतला वाघ माणसाळलेला असतो. त्याचा बछडा पुन्हा वाघच जन्मतो. गाय मात्र जन्मतःच पाळीव असते.

खोकडाची जात पाळीव होऊ शकते काय, याचा प्रयोगच रशियात झाला आहे. दिमित्री बेल्याएव या शास्त्रज्ञाने १९५९ साली सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कजवळ तो सुरू केला. ल्युदमिला त्रुत या विदुषीने बेल्याएव १९८५ साली वारल्यानंतरही तो पुढे चालवला आणि २०२४ साली निधन होईपर्यंत त्या त्याच्याशी जोडलेल्या राहिल्या. त्यांनी लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या रुपेरी खोकडांतून, दर पिढीत माणसाला कमीत कमी भिणारी आणि कमीत कमी चावणारी तेवढीच निवडून त्यांची वीण वाढवली. सहाव्या पिढीच्या सुमारास शेपूट हलवत माणसाकडे धावणारी मोजकी पिल्ले दिसू लागली. पुढे त्यांचे प्रमाण वाढत गेले. काहींचे कान लोंबते राहिले, काहींच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले. ही मूळची खोकडे कॅनडातल्या लोकरपालकांकडून आलेल्या वंशाची होती, तेव्हा त्यांतले काही बदल प्रयोगाआधीचेच असावेत, असे अलीकडे काही अभ्यासक म्हणतात. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. हजारो प्राणी, कडक निवड आणि दशकांची तपश्चर्या यांतून जे मिळाले, ते एका घरात एक पिल्लू बाटलीने दूध पाजून मिळणार नाही. आणि फेनेकच्या बाबतीत अशी निवड कोणी केलेली नाही. बंदिवासात जन्मलेले फेनेकही वृत्तीने वाळवंटातलेच असते.

फ्रेंच लेखक आंत्वान द सेंतेक्झ्युपेरी याच्या 'छोटा राजपुत्र' या १९४३ सालच्या पुस्तकामुळे माणसाळणाऱ्या खोकडाचे चित्र जगभरच्या बालमनांत रुजले आहे. त्या पुस्तकातले लेखकाने स्वतः काढलेले लांब कानांचे खोकड पाहिले, की फेनेकची आठवण होते. या लेखकाने खरोखरीच एक फेनेक पाळले होते. १९२७-२८ च्या सुमारास तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर केप जुबी येथील टपाल-विमानतळाचा प्रमुख होता. तेथून बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो या प्राण्याचे कौतुक करतो. पण ते रानटीच राहिले आहे आणि सिंहासारखे गुरगुरते, अशी कबुलीही देतो. पुढे १९३५ साली त्याचे विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळले. तहानेने व्याकूळ असतानाही तो फेनेकच्या पावलांचा माग काढीत गेला. एकाच झुडपावरच्या सगळ्या गोगलगायी ते फस्त करीत नाही, थोड्या खाऊन पुढच्या झुडपाकडे जाते, हे त्याने टिपून ठेवले. म्हणजे पुस्तकातले खोकड माणसाळण्याचा धडा देते. वाळवंटातल्या खऱ्या फेनेकने मात्र आपल्या लेखकाला दुरून पाहायला शिकवले. मुलांना पुस्तक जरूर द्यावे. हा उरलेला अर्धा भाग मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगावा.

बाजार आणि कायदा

एक बाब थोडक्यात सांगितली पाहिजे. फेनेक आज नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. परंतु उत्तर आफ्रिकेत पिल्ले बिळांतून उकरून काढली जातात आणि पर्यटकांबरोबर छायाचित्रे काढण्यासाठी किंवा विक्रीसाठी वापरली जातात. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात फेनेकचे नाव आहे, म्हणजे त्याची ने-आण परवान्याशिवाय करता येत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात खोकड पाळण्यास मनाई आहे. तेथे रेबीजच्या लशी कुत्र्यामांजरांसाठी मान्य झालेल्या आहेत, खोकडांसाठी नाहीत. त्यामुळे एखाद्याला फेनेक चावले, तर लस टोचलेली असूनही पाळणारा आणि प्राणी दोघेही अडचणीत येतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या रानातले खोकड घरी ठेवणे हा गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आले आहे. तेव्हा कोणी कच्छमधून पिल्लू आणून देतो म्हणाला, तर त्याला तेथेच थांबवावे.

समारोप

आता उत्तराचा ताळा घेऊ. फेनेक थंड देशी जगते काय? उबदार, कोरड्या घरात जगते. राहते काय? जाणकार माणूस, मोठी जागा, वाळू, जोडीदार, योग्य आहार आणि खोकडावर उपचार करणारा पशुवैद्य, एवढे सगळे जुळले तर राहते; आणि असे जुळवून आणणारी थोडी माणसे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. नांदते काय? याला माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे मुख्य कारण थंडी नव्हे. थंडीवर यंत्र आहे. ज्याचे सारे सुख खणण्यात, धावण्यात, रात्रीच्या मोकळिकीत आणि आपल्या गोतावळ्यात आहे, त्याला केवळ ऊब देऊन नांदवता येत नाही.

परदेशी असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाने फेनेक मागितले, तर 'नाही' म्हणून विषय तोडू नका. त्याला जवळच्या चांगल्या प्राणिसंग्रहालयात संध्याकाळी न्या, फेनेक जागे होऊन खणू लागेपर्यंत काचेपाशी थांबा, आणि आपल्या घरात ते कुठे खणेल, हे त्यालाच शोधू द्या. घरी सोबत हवीच असेल, तर मांजर आणि कुत्रा हजारो वर्षांपूर्वीपासून माणसाच्या उंबरठ्याशी आहेत. अनाथ प्राण्यांच्या आश्रयस्थानात ते आजही वाट पाहत असतात. आणि सुटीत मुले बडोद्याला आली, की त्यांना हिवाळ्यात कच्छला घेऊन जा. रणाच्या कडेला, दिवस मावळताना, पांढऱ्या टोकाची शेपूट झुडपाआड जाताना दिसली, तर ती त्यांच्या मनात आयुष्यभर राहील. तिला घरी आणण्याची गरज त्यांना वाटणार नाही.